थांबल्यानंतरचा वेग

चाचणीचं उड्डाण संपलं, विमान जागेवर उभं राहिलं, चाकांना ठोकळेही लागले. तरी माझ्या यंत्राच्या पडद्यावर थोडासा वेग दिसतच होता. वैमानिक हसून मला म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र अजून चालतंयच!"

यंत्राचं हे नेहमीचंच. हे दिशादर्शक यंत्र बाहेर बघत नाही. प्रत्येक धक्का, प्रत्येक वळण आतल्या आत जाणून ते आपण कुठे आहोत ते ठरवतं, आणि बारीक चुका साठत जातात. म्हणून उतरल्यावर आम्ही विमान मुद्दाम थोडा वेळ हलू देत नाही. उभ्या विमानाला दिसणारा वेग म्हणजे निव्वळ चूक. ती सापडली की अख्ख्या उड्डाणाच्या नोंदी सुधारता येतात.

मीही घरी पोचते ती तशीच. चपला पायातच, पर्स खांद्याला, आणि फोनवर आकडे सांगत थेट स्वयंपाकघरात. सासूबाई पर्स काढून घेतात. "आलीस ना घरी? मग बस की जरा."

मी बसते. हळूहळू दिवस सरळ दिसायला लागतो. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. आम्हा दोघींनाही ते अवघडच वाटेल. त्या पर्स खुंटीला अडकवतात, आणि तेव्हा कुठे माझं विमान उतरतं.