चेंबर पुन्हा उतरवला

अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घराचा पोर्च म्हणजे माझ्या नवऱ्याचं गॅरेज. पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर त्यांनी तिथेच लोकांच्या गाड्या दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. मी शाळेत गणित शिकवते. सुटीच्या दिवशी बत्ती धरणं, पाने हातात देणं, काढलेले बोल्ट रॉकेलमध्ये धुणं ही माझी कामं. मला त्याची काही हौस नव्हती. दुसरं कोणी नव्हतं आणि जमत होतं, म्हणून करत गेले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका माणसाच्या गाडीचं पुढचं चाक बसवलं आणि नट पान्याने आवळायचे राहून गेले. नुसते हाताने फिरवून ठेवले होते. बायपासवर चाक डगडगायला लागलं. त्याने वेळेवर गाडी कडेला घेतली म्हणून निभावलं. मागच्या सीटवर त्याची मुलं होती. त्याआधी आमच्याच कॉलनीत ते वळण चुकले होते, गॅसवर दूध ठेवून विसरले होते, पण हे वेगळं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, आणि तो वाढतच जातो हेही सांगितलं. घरी आल्यावर मी म्हटलं, लोकांच्या गाड्या आता बंद.

"एका चुकीवर फाशी? तुझी कधी बेरीज चुकत नाही?"

"माझी बेरीज चुकली तर कोणी मरत नाही."

दोन दिवस गेले. मग त्यांनीच तोड काढली. आमच्या स्वतःच्या गाडीचं मोठं काम पडून होतं. तिच्या इंजिनात खाली, तेलाच्या चेंबरमध्ये, दोन बॅलन्स शाफ्ट फिरतात. इंजिनाची थरथर मारायची एवढंच त्यांचं काम. ते झिजले होते, तेलात लोखंडाचा चुरा उतरत होता आणि नवा संच मिळत नव्हता. शाफ्ट काढून टाकायचे आणि त्याच खेपेला जास्त तेल मावेल असा चेंबर बसवायचा.

"हे एकट्याने करतो," ते म्हणाले. "नीट झालं तर धंदा चालू. नाही झालं तर तू म्हणशील तसं. मंजूर?"

मी मंजूर म्हटलं. मलाही काहीतरी ठाम हवं होतं. रोजच्या रोज त्यांच्याकडे संशयाने बघत राहणं मला झेपत नव्हतं.

काम सुरू झालं तेव्हा वाटलं, डॉक्टर चुकले असतील. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, इंजिन वरून साखळीने टांगलं, खालचा आडवा दांडा सोडवला, चेंबर उतरवला. हात पूर्वीसारखेच चालत होते. समोरच्या घरातले किराणावाले रोज सकाळी चहाचा ग्लास घेऊन फाटकाशी येऊन उभे राहायचे.

"भिया, ये तो पूरा ऑपरेशन कर डाला आपने!"

"तुमचंही करून देतो. पण पहले पेट अंदर करो, टेबलवर मावणार नाही तुम्ही."

"सुन रही हो भाभीजी? पेशंट की ऐसी इज्जत करते हैं ये!"

त्यांची गाडीही लाइनमध्ये होती. ब्रेकचं काम. हे इंजिन उभं राहिलं की पहिली त्यांचीच घ्यायची, असं दोघांचं फाटकावरच ठरलं होतं. ब्रेक हा शब्द ऐकून मी आत निघून गेले.

शाफ्ट निघाले तेव्हा त्यांनी मला खाली बोलावून इंजिनाच्या पोटातलं एक छोटं भोक दाखवलं. शाफ्टना तेल इथून मिळायचं. शाफ्ट गेले, भोक राहिलं. ते बुजवलं नाही तर पंपाचं तेल तिथूनच वाहून जातं, दाब चढत नाही आणि इंजिन स्वतःला खाऊन टाकतं. "शाफ्ट काढणारे निम्मे गाढव इथेच मरतात," असं म्हणून त्यांनी भोकात आटे पाडले, एकेक कीस पुसून काढला. त्यात बसेल असा बिनडोक्याचा स्क्रू मी सियागंजाच्या बाजारातून आणला होता. एकच आणला होता. तो स्टीलच्या वाटीत ठेवला. आट्यांना लावायचा डिंक दुसऱ्या दिवशी आणू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर नवा चेंबर चढलेला होता. वेल्डरकडून दोन्ही बाजूंना वाढवून घेतलेला, कडेने सिलिकॉनची सारखी रेघ, बोल्ट सगळे आवळलेले. चित्रासारखं काम. ते हात धूत होते. डिंकाची नवी नळी स्टुलावर होती, झाकणाचं सीलही तुटलेलं नव्हतं. वाटीत स्क्रू होता.

मी पिशवी खाली ठेवली. "भोक बुजवलं?"

"पहिलं काम तेच केलं."

"मग हा कुठला?"

"तो जास्तीचा."

"मी एकच आणला होता."

"मग मी आणला असेल. तू क्या इन्स्पेक्टर लागून गेलीस का?"

"अहो, चेंबर उतरवूया. बघूया आणि परत चढवूया."

"अख्खं सिलिकॉन वाया घालवायचं? तुझ्या डोक्यातला किडा शांत करायला?"

मी गप्प बसू शकत होते. दुसऱ्या दिवशी तेल भरलं असतं, गाडी चालू झाली असती, तेलाच्या दाबाचा लाल दिवा विझला नसता आणि त्यांनी ठरवलेली परीक्षा त्यांच्याच हातून संपली असती. मला एक शब्दही बोलावा लागला नसता. हा हिशेब मी केला, खोटं कशाला सांगू. पण लाल दिवा पेटलेला असताना ते इंजिन बंद करतील याची मला खात्री नव्हती, आणि नंतर त्या मोडक्या गाडीशेजारी मलाच राहायचं होतं. मी साडी बदलली, जुना पंजाबी ड्रेस घातला आणि बोल्ट सोडायला लागले.  मग त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला. "बोल्ट गोल करशील. सरक."

चेंबर उतरला. बत्ती वर धरली. भोक उघडंच होतं, आटे स्वच्छ चमकत होते.

त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता त्यांना धक्का बसेल. त्यासाठी मी मनात दोन वाक्यं तयारही ठेवली होती. ते माझ्याकडे वळले. आवाज थंड होता.

"कोणी काढला?"

"कोणी म्हणजे?"

"मी लावला होता. तुझ्याशिवाय इथे येतं कोण? मला पाडायचंच होतं ना तुला? आता खूश?"

तीस वर्षांत भांडणं खूप झाली, पण माझ्यावर असला आळ कधी आला नव्हता. मी वाटी पुढे केली. त्यांनी स्क्रू घेतला, बोटांत फिरवला, उलटा धरला, मग बोल्टच्या डब्यात टाकून दिला आणि म्हणाले, "याचं काय करायचं?"

तो मी डब्यातून शोधून काढला. पाठीवर झोपून, डिंक लावून, स्क्रू मीच बसवला आणि आवळला. त्यांनी बत्ती धरली. बत्ती अगदी स्थिर होती.

दुसऱ्या दिवशी चेंबर पुन्हा चढवला, सिलिकॉन वाळू दिलं, मग तेल भरलं. चावी फिरवली, आणि लाल दिवा विझला. शाफ्ट नसल्यामुळे इंजिन उभ्या जागी थरथरत होतं. "हे असंच राहणार, सवय होईल," ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. किराणावाले फाटकावरून टाळ्या वाजवत आत आले.

"मान गए भिया! सोमवार को मेरी ले आऊँ?"

"ले आओ. दुपारपर्यंत देतो."

"नका आणू," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याला म्हटलं, "आपलं ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. ते टाळत नव्हते. खरंच विचारत होते. त्या करारातलं काहीच त्यांच्याकडे उरलं नव्हतं. चेंबर दोनदा उतरला हेही नव्हतं. समोर एक चालू इंजिन होतं आणि ते त्यांनी केलं होतं.

मग मी किराणावाल्यांना हिंदीत सगळं सांगितलं. आजाराचं नाव, चाकाचे नट, वाटीतला स्क्रू. नवऱ्यासमोरच सांगितलं. त्यांच्या पाठीमागे सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण मग सोमवारी ब्रेक खोलले गेले असते. किराणावाले चपलांकडे बघत "जी भाभीजी, जी" एवढंच म्हणत राहिले. नवरा हसला.

"हिच्या बोलण्यावर जाऊ नका. गणितवाली आहे, हिला सगळं चूकच दिसतं. सोमवारी आणा."

सोमवारी ते अंघोळ करून खाकी पँट घालून पोर्चमध्ये बसले. ब्रेकला लागणारे पाने फडक्यावर ओळीने मांडले होते, जॅकला तेल दिलं होतं. किराणावाल्यांचं फाटक दिवसभर बंद होतं. ते मागच्या गल्लीतून दुकानात गेले होते. मी शाळेत रजा टाकली होती. दुपारी नवऱ्याला जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी विचारलं, "सोमवारच आहे ना आज?"

"हो," मी म्हटलं. "सोमवारच आहे. पण कोणी येणार नाही. मी नको सांगितलंय."

"का?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान वाढ म्हणाले, आणि जेवून झाल्यावर परत पोर्चमध्ये जाऊन बसले.