बाळंतपणाच्या खोलीचं दार

"तुमच्या तांड्यावरच्या बायांना दार कशाला लागतं हो? शेतातच बाळंत होतात की त्या."

साहेब बोलले आणि सगळे हसले. ठेकेदार हसला. दोन्ही इंजिनिअर हसले. पाण्याचा ग्लास ठेवायला आलेला शिपाईसुद्धा हसला. मी टेबलाच्या अलीकडं उभी. हातात नव्या दवाखान्याचा नकाशा. बसा म्हणून कुणी म्हणलं नव्हतं.

हिंगोली जिल्हा होऊन एकदोन वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नव्या इमारती पाहिजेत. मी बांधकामाच्या हापिसात आरेखक होते. वरून नमुना नकाशा यायचा, तो इथल्या जागेवर बसवून पुन्हा काढायचा, एवढंच माझं काम. तांड्यावरून आलेली मी एकटीच. सेनगावच्या अंगाला एका गावात दवाखाना मंजूर झाला, त्याचा नकाशा माझ्याकडं आला. बाळंतपणाच्या खोलीचं दार थेट व्हरांड्यात. केसपेपरची रांग त्याच व्हरांड्यात. टेबल असं मांडलेलं की बाईचे पाय दाराकडं. संडास मागं, अंगण ओलांडून. मी एवढंच म्हणाले होते, साहेब, हे दार फिरवायला पाहिजे.

त्यावर ते वाक्य.

मी नकाशा गुंडाळला आणि बाहेर आले. त्या दिवशी गप राहिले याची लाज मला अजून वाटते. साहेबाला लाज वाटली नाही. ती माझ्याच वाट्याला आली.

कारण ते दार मी आधी पाह्यलं होतं.

मी सातवीत होते तेव्हा माझी थोरली बहीण कमल पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. आईनं तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, मी सोबत. तिथली खोली अशीच होती. खिडकी नावालाच. उजेडच येत नसे, म्हणून नर्सबाई दार उघडं ठेवायच्या. त्यांचा तरी काय दोष? अंधारात टाके कसे घालणार? बाहेर तापाखोकल्याची माणसं रांगेत. आई आपल्या ओढणीचा पडदा धरून दारात उभी राहिली. हात भरून आले की ओढणी खाली यायची. रांगेतली माणसं बघायची. काहीजण मान वळवायचे, काहीजण वळवत नव्हते. त्यात आमच्या तांड्याचा एक माणूस होता, कमलच्या सासऱ्याच्या ओळखीचा.

पोरगी झाली. मग कमल रक्तानं भरलेल्या परकरात, भिंतीला धरून, सगळ्या रांगेसमोरून अंगणापलीकडच्या संडासाला गेली. मी तिचा हात धरला होता. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या वेळेला दिवस भरले तेव्हा आईनं दवाखान्याचं नाव काढलं. कमल म्हणाली, "जीव गेला तर जाऊ दे. त्या टेबलावर म्या पुन्हा न्हाई."

घरीच बाळंत झाली. रक्त थांबेना. जीप मिळाली तोवर दुपार कलली होती. सेनगावच्या रस्त्यावर ती गेली. सगळे म्हणाले, तिचं आयुष्यच तेवढं. अडाणी होती, दवाखान्याला भ्यायची.

भ्याली नव्हती. लाजली होती. आणि ती लाज कुणीतरी आधी कागदावर रेघा मारून काढून ठेवली होती. हे मला आयटीआयला नकाशे शिकताना कळलं. दार कुठं, खिडकी कुठं, कोण कुठून चालत जाणार, हे कुणीतरी ठरवतं. ठरवणारा त्या टेबलावर कधी झोपलेला नसतो.

पाया खोदायच्या आधी जागेवर पांढऱ्या फक्कीनं आखणी करतात. खोल्या, भिंती, दारं, सगळं मातीवर खऱ्या मापात. त्या दिवशी साहेब येणार होते, ठेकेदार, गवंडी, त्या भागातल्या डॉक्टर मॅडमही. मी आदल्या दिवशी तांड्यावर गेले. आईला म्हणाले, पाचसहा बायांना घेऊन ये. आई म्हणाली, काहून? मी म्हणाले, दवाखाना चालून बघायचाय.

आई आली. पाच बाया आल्या. त्यात आठवा महिना लागलेली सोनी होती, माझ्या चुलतभावाची बायको. साहेब मला विचारत होते, ही जत्रा कशाला, तेवढ्यात मी बायांना म्हणाले, कळा सुरू झाल्यात असं समजा आणि आत या. त्या फक्कीच्या रेघांमधून चालू लागल्या. ही रांग, हा व्हरांडा, हे दार, मी सांगत गेले. आई चालता चालता थांबली. तिला खोली ओळखू आली होती.

सोनीला मी झोप म्हणलं नव्हतं. ती आपणहून टेबलाच्या जागी मातीवर आडवी झाली, पाय दाराकडं करून. पदर नीट केला. साहेब, ठेकेदार, गवंडी, सगळे व्हरांड्याच्या रेघेत उभे होते. सोनी पडल्या पडल्याच बोलली.

"सायेब, तुमी उभं हाव तिथून काय दिसून राहिलं, सांगा की."

गवंड्यांनी तोंडं फिरवली. ठेकेदार रेघेबाहेर गेला. डॉक्टर मॅडम हळूच म्हणाल्या की आताच्या दवाखान्यात त्या स्वतः दाराला चादर बांधतात. साहेबांचा चेहरा लाल झाला. सोनीकडं न बघता ते माझ्याकडं वळले.

"बाई, तुमचं काम रेघा मारायचं. तेवढंच करा."

"व्हय," मी म्हणाले. "म्हणूनच सांगून राहिले. ही रेघ मी मारणार न्हाई."

खोदाई त्या दिवशी झाली नाही. बाया रेघांवर बसल्या त्या उठल्याच नाहीत.

पुढं नकाशा बदलावाच लागला, दार फिरलं. व्हरांड्याकडून आतल्या बोळाकडं आलं. भिंतीत उंचावर रुंद झरोका आला, दार लावूनही उजेड राहील असा. संडास मात्र अंगणापलीकडंच राहिला. त्यासाठी मी आणखी दोन अर्ज दिले, उत्तर आलं नाही. मला मेमो आला, मग वसमतकडं बदली आली. उद्घाटनाच्या भाषणात सुधारित नकाशाचं श्रेय साहेबांना मिळालं. सोनी पुढच्या खेपेला तिथंच बाळंत झाली, दार लावून. लोक मला विचारतात, त्याचं समाधान वाटतं का. कसलं समाधान? बाईला बंद दार मिळालं, ही काय मेहेरबानी झाली? कमलची पोरगी आईवाचून वाढली. तिला मी काय सांगू, की दार चुकलं होतं?

आता माझ्या टेबलावर दवाखान्याचा नकाशा आला की मी आधी जागेवर जाते. फक्की टाकते. तिथल्या बायांना बोलावते, म्हाताऱ्यांना, लंगड्यांना, पोटुशींना. त्या चालतात, मी मागून चालते. कुठं थांबतात, कुठं पदर ओढतात, कुठं मान खाली जाते, तिथं खूण करते. मग पेन उचलते.

नव्या साहेबांना हे पटत नाही. गेल्या आठवड्यात म्हणाले, उद्या नकाशा पाहिजे, बायाबिया नंतर बघू. आणखी एक मेमो देईन म्हणाले.

मी म्हणाले, द्या. बाया चालल्याबिगर नकाशा निघणार न्हाई.