शेवाळाला आवडणारा उजेड

आमच्या भावोजींचा धंदा दुकानांच्या दिव्यांच्या पाट्या बनवण्याचा. औषधाचं दुकान असो की केस कापायचं, कुठे कुठला एलईडी बसवायचा हे ते गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत सांगून मोकळे होतात. गेली सव्वीस वर्षं सांगताहेत. म्हणून घरातल्या माशांच्या टाकीसाठी एक दिवा निवडायला त्यांना आठ महिने लागले, हे मी कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. मी त्यांची मेहुणी. खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे या आठ महिन्यांतला एकही दिवस मला चुकला नाही.

टाकी मुळात एका दातांच्या डॉक्टरची. दवाखाना बंद करून तो परगावी निघाला, आणि पाटी उतरवायला गेलेले भावोजी पाटीसोबत टाकीही घेऊन आले, आतल्या पाच माशांसकट. ती हॉलमध्ये आजोबांच्या खुर्चीसमोर बसली. आजोबा म्हणजे भावोजींचे वडील. वय त्र्याऐंशी, पाय ठणठणीत, आठवण मात्र अधूनमधून रजेवर जाते.

महिन्याभरात टाकीच्या काचा हिरव्यागार झाल्या. आत मासे आहेत हे आपण विश्वासावर मानायचं. माझी ताई शाळेत विज्ञान शिकवते, तिने सरळ उपाय सांगितला: रविवारी पंधरा मिनिटं स्पंजने काच पुसायची. भावोजींनी दोन रविवार पुसली. काच बुधवारपर्यंत पुन्हा हिरवी. मग त्यांनी कुठेतरी वाचलं आणि आम्हाला दोघींना समोर बसवून अल्गी स्क्रबर नावाचा प्रकार समजावला. टाकीशेजारी एक डबा ठेवायचा, त्यात खरखरीत जाळी टांगायची, पंपाने टाकीचं पाणी जाळीवरून सोडायचं आणि तिच्यावर जोरदार उजेड पाडायचा. शेवाळ जाळीवर इतकं माजतं की टाकीतल्या शेवाळाला खायलाच उरत नाही. दर आठवड्याला जाळी काढून खरवडायची.

"म्हणजे शेवाळ जावं म्हणून शेवाळ वाढवायचं," ताई म्हणाली.

"बरोबर."

"आणि ते खरवडणार कोण?"

"मी."

"मग काचेवरूनच का नाही खरवडत?"

भावोजींनी हा प्रश्न अडाणीपणाचा असल्यासारखा चेहरा केला आणि कामाला लागले.

डबा तासाभरात झाला, पाट्यांचं ॲक्रिलिक घरचंच. जाळी म्हणून ताईच्या भरतकामाची प्लास्टिकची जाळी गेली. ती करवतीच्या पात्याने घासून खरखरीत केली गेली, आणि त्यासोबत ताईचा अर्धवट भरलेला मोरही संपला. राहिला फक्त दिवा. फक्त.

पहिल्यांदा दुकानातल्या उरलेल्या पांढऱ्या पट्ट्या लावल्या. चार आठवड्यांत जाळीवर तपकिरी, बुळबुळीत असं काहीतरी आलं, ज्याला भावोजी 'सुरुवात' म्हणायचे आणि ताई दुसरंच काही म्हणायची. मग दमट हवेने पट्ट्या गंजल्या. त्यानंतर आला मैदानावर लावतात तसला झोतदिवा. त्याच्या उजेडात आमच्या समोरच्या इमारतीतली बाई खिडकीत कपडे वाळत घालताना डोळ्यांवर हात धरायची. शेवाळ मात्र खूश झालं. फरक इतकाच, की डब्यातून उजेड टाकीवर सांडत होता, त्यामुळे ते जाळीवर कमी आणि टाकीत दुप्पट वाढलं. पाणी कोमट झालं. मासे वर येऊन आमच्याकडे बघत राहायचे, तक्रार कुणाकडे करावी हे विचारल्यासारखे.

मग भावोजी मासे पाळणाऱ्यांच्या एका फोनवरच्या गटात शिरले. तिथे दोन पंथ निघाले: पांढरावाले आणि लालवाले. दोन्हीकडची विद्वान माणसं एकमेकांना 'सर' म्हणत एकमेकांचा अपमान करत. भावोजींनी तीन जाळ्या केल्या, एकीवर पांढरा, एकीवर निळा, एकीवर लाल उजेड, आणि तीन आठवड्यांनी प्रत्येकीवरचं ओलं शेवाळ तोलून पाहिलं. कशावर तोललं हे ताईला स्वयंपाकघरातला वजनकाटा धुवायला ठेवलेला दिसला तेव्हा कळलं. त्या दिवशी ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. लाल जिंकला होता, पण थोडक्यात, आणि भावोजींना आता निकालावरच शंका येऊ लागली.

शेवटी मीच कंटाळून त्यांना गावाबाहेरच्या रोपवाटिकेत नेलं. तिथली बाई बंद खोलीत दिव्यांखाली रोपं वाढवते. तिने भावोजींची प्रयोगांच्या नोंदींची वही पूर्ण न बघताच सांगितलं की लाल घ्या, गडद लाल, थोडा निळा मिसळलेला. जाळीच्या जवळ लावा, पाणी लागणार नाही असा बंद करून, डब्याला बाहेरून काळा कागद चिकटवा, आणि दिवसाला आठ-नऊ तासांच्या वर जाऊ नका, जास्त झालं तर शेवाळ पिवळं पडतं. आठ महिन्यांचं काम आठ मिनिटांत उरकलं. मी मनात टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात तिने विचारलं, "मासे किती?"

"पाच."

"पाच माशांना एवढं शेवाळ? कुणीतरी खाणं भरमसाट घालतंय. ते थांबवा, दिवासुद्धा लागणार नाही."

भावोजी वही मिटत म्हणाले, "वडील घालतात. घातलेलं विसरतात आणि पुन्हा घालतात. दिवसातून पाच-सहा वेळा."

"मग खाण्याची डबी लपवा की," मी म्हटलं.

"लपवली होती. दोन दिवस." ते माझ्याकडे न बघता बोलले. "दोन्ही दिवस ते घरभर शोधत होते. मासे उपाशी आहेत म्हणून रडले. बाबांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं."

रोपवाटिकेतल्या बाईने तसलाच एक लाल दिवा बांधून दिला. दिव्याबरोबर लहान ग्लासात बसेल असं एक रोपटं तिने मला विनाकारण दिलं.

पूर्ण आठ महिने मी या माणसाची जिन्यात उभी राहून टिंगल केली. ताईला हे माहीत होतं का, असं मी परतताना विचारलं. सुरुवातीला नव्हतं, मग कळलं, भावोजी म्हणाले. म्हणून तर वजनकाट्यावरून फक्त एकच दिवस भांडली.

लाल दिवा बसला. पहिल्या आठवड्यात भावोजींनी तज्ज्ञ सल्ला बाजूला ठेवून तो सोळा तास चालू ठेवला आणि शेवाळ पिवळं पडलं, कारण ऐकून घेणं हा त्यांचा स्वभाव नाही. मग मुकाट्याने नऊ तासांवर आले. पुढे तीन आठवड्यांत जाळीवर हिरवं, दाट, लोकरीसारखं शेवाळ चढलं. काचा निवळल्या. मासे दिसू लागले, आणि ते किती लठ्ठ झालेत हेही. एक मासा मध्यंतरी गेला. ताईच्या मते अतिखाण्याने, भावोजींच्या मते वयाने. काळा कागद एका कोपऱ्यात नीट बसलेला नाही, तिथून लालसर उजेड झिरपतो आणि समोरच्या बाईने अजून डोळ्यांवरचा हात खाली घेतलेला नाही. फोनवरच्या गटात भावोजी आता लालवाल्यांचे पुढारी आहेत आणि पांढरावाल्यांना 'सर' म्हणतात.

दर शनिवारी सकाळी ते जाळी काढून मोरीत खरवडायला बसतात. आजोबा शेजारी स्टुलावर बसतात आणि विचारतात, "हे काय रे?" भावोजी डबा, पंप, जाळी, लाल आणि पांढरा यांतला फरक असं सगळं पहिल्यापासून सांगतात. आजोबा मन लावून ऐकतात, मधे अतिशय चांगले प्रश्न विचारतात, आणि शेवटी म्हणतात, "हुशार आहेस. कुणी शिकवलं तुला?" मग उठून माशांना खायला घालायला जातात.