अकरावा बार

मास्तरांनी शाळेचं तोंड तिसरीनंतर पाहिलं नव्हतं. मास्तर हे नाव त्यांना खाणीने दिलं. दगडाच्या खाणीत सुरुंग पेटवायचं काम त्यांचं, आणि त्या कामात पेटवण्यापेक्षा मोजण्याला महत्त्व. जितकी भोकं दारूने भरली, तितके बार कानांनी मोजायचे. मोजणी पुरी झाली की शिट्टी, म्हणजे आत जायला मोकळीक. एक जरी कमी पडला, तर आत एक सुरुंग जिवंत आहे असं समजायचं आणि तासभर कुणी पाऊल टाकायचं नाही, मग मुकादम कितीही थयथयाट करो. मास्तर मोठ्याने मोजायचे, म्हणून मास्तर.

ती खाण बंद पडून वीस वर्षं झाली होती. खणून काढलेल्या पायऱ्यांवर माती साचली, मातीत कुठून कुठून बी येऊन पडलं, आणि आता थंडी सरली की तीन आठवडे तिथे पिवळी-जांभळी रानफुलं अशी उसळतात की शहरातून बसगाड्या भरभरून माणसं येतात. कुंपण झालं, तिकीट झालं, फोटो काढायला लाकडी ओटासुद्धा झाला. ज्या जागेने निम्म्या वस्तीची फुप्फुसं खाल्ली, ती जागा बघण्यासारखी झाली. असतं एकेका जागेचं नशीब.

वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या मंडळाने तिथे एक दिवसाची सहल काढली, तेव्हा मास्तरांनी दोन नावं दिली. एक स्वतःचं, दुसरं धाकटीचं. धाकटी म्हणजे त्यांच्या मेलेल्या धाकट्या भावाची बायको. वय बासष्ट, दोन नातवंडांची आजी, पण घरात अजून धाकटीच. मास्तरांनी लग्न केलं नाही. भाऊ खाणीत मेला तेव्हापासून एकतीस वर्षं त्यांनी त्याचा संसार ओढला, पोरं मोठी केली आणि धाकटीच्या हातचं दोन वेळ जेवले. लोक म्हणायचे, दीर असावा तर असा. हे कानावर आलं की मास्तर उठून बाहेर जायचे, आणि लोकांना त्याचंही कौतुक.

आज त्यांना तिला खरं सांगायचं होतं. डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाकडे धरून पाहिला होता आणि पुढच्या हिवाळ्याचं बोलणं टाळलं होतं. घरात पोरं, सुना, टीव्ही. तिथे तोंड उघडवत नसे. सांगायचं तर खाणीतच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

बसमध्ये धाकटी खिडकीशी बसली आणि संत्री सोलून फोडी पुढे करत राहिली. तिने खाण कधी पाहिली नव्हती. नवरा गेल्यावर त्या रस्त्याचंच नाव टाकलं होतं. आता राग शिळा झाला, असं ती आपणहून म्हणाली. तिचा राग खाणीवर नव्हता, नवऱ्यावर होता. शिट्टी व्हायच्या आधी हा माणूस आत धावलाच का? वर्ष सरायच्या आत तिने त्याचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकला होता, आणि पोरांना वाढवलं ते एका वाक्यावर, बापासारखी घाई करू नका. परिणाम असा की थोरला रस्ता ओलांडायला दहा मिनिटं घेतो, आणि परगावची चांगली नोकरी त्याने विचार करता करता घालवली. हे सांगताना ती हसली. मास्तर नुसते खोकले.

उतरल्यावर मंडळ पांगलं. एक बाई फुलांत लोळून फोटो काढून घेत होती, नवरा तिला हनुवटी वर घे म्हणत होता. मास्तरांना फुलं धड दिसतच नव्हती. इथे पाण्याचा पिंप, इथे डबे ठेवायची खोली, असं करत ते तिसऱ्या पायरीपर्यंत आले आणि दम लागून थांबले. धाकटी एका दगडावर टेकली. छान आहे की, उगाच इतकी वर्षं आले नाही, म्हणाली.

तिथे त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सुरुंग अकरा होते. बार ऐकू आले दहा. दहावा जरा जड वाटला, दोन एकदम उडाले असतील असं मनाने घेतलं. ट्रक खोळंबले होते, मुकादम आईवरून शिव्या देत होता. मास्तरांनी तोंडाने अकरा म्हटलं आणि शिट्टी फुंकली. पुढे चौकशीत ते म्हणाले, शिट्टी झालीच नव्हती, भाऊ घाईने घुसला. मुकादमालाही ते सोयीचं, त्याने मान डोलावली. मास्तरांची नोकरी गेली असती, कदाचित तुरुंग झाला असता, आणि भावाची चूल आता त्यांच्या एकट्यावर होती. कारणं खरी होती. ते मात्र धडधडीत खोटं बोलले होते.

"तो चालत गेला, धाकटे," मास्तर म्हणाले. "पहार खांद्यावर टाकून, रोजच्यासारखा. माझ्या शब्दावर गेला. धावला नाही."

ती रडेल, शिव्याशाप देईल, दगड उचलून मारेल, हे सगळं त्यांनी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की त्याची भीती उरली नव्हती. तिने यातलं काहीच केलं नाही.

"कुठे होते ते?" तिने विचारलं.

मास्तरांनी दोरीपलीकडचा कातळ दाखवला. ती उठली, दोरीखालून वाकून गेली. आजी, फुलं तुडवू नका, असं रखवालदार ओरडला. तिने लक्ष दिलं नाही. कातळावर तळवा टेकून ती उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. ही हाक मास्तरांनी एकतीस वर्षांत ऐकली नव्हती. "चुकलं माझं. फार बोलले मी तुम्हाला. पोरांदेखत बोलले."

माफी मागायची त्यांनी, आणि मागत होती ती. ते दोरीपाशी जाऊन काहीतरी पुटपुटले, पण ती वळली नाही. बऱ्याच वेळाने परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"भाऊजी, आज घरी गेल्यावर दोघा पोरांना समोर बसवा आणि सांगा. आत्ता सांगितलंत तसंच."

"सांगतो," मास्तर म्हणाले. मग न राहवून विचारलं, "आणि तू? तुझं काय?"

"माझं काय विचारता? नवरा मेल्याचं दुःखसुद्धा तुम्ही मला धड करू दिलं नाहीत."

वर बसवाल्याने हॉर्न दिला. ती चढण चढू लागली. मास्तरांना दम लागला होता, पण तिला जरा थांब म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.