साडेसहा रुपयांची बरणी

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे चोपन्न साली, भोरच्या बाजारात साडेसहा रुपयांत दोन माणसांची पंधरवड्याची ज्वारी यायची. आमच्या दुकानात तेवढ्याच पैशांत तोंडाला लावायची एक बरणी मिळायची. बरणी ती केवढी, तर मुठीत मावेल एवढी. वर गोऱ्या मडमेचं चित्र आणि खाली छापलेलं, ‘गौरप्रभा, खास विलायती’. आत काय असायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. बरण्या भरायची मी आणि खळ लावून लेबलं चिकटवायचीही मीच. आत तूप असायचं. शंभर वेळा पाण्यानं धुतलेलं तूप, आणि त्यात दोन थेंब केवड्याचं अत्तर.

ते तूप धुणारी बाई म्हणजे सोजराबाई. तिच्याबद्दल लिहायला बसले की माझं डोकं तापतं. कुणावर तापतं ते वाचणाऱ्याला कळेलच.

सोजराबाई धनगराची. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर सात-आठ घरांचा वाडा, तिथली. नवरा पावसाळ्यात शेळ्यांमागं गेला आणि कड्यावरून घसरला तो गेलाच. दिवस होतात न होतात तोच दिरानं सगळा कळप आपला म्हणून हाकलून नेला. भावजयीच्या वाट्याला कवडी नावाची एकच शेळी ठेवली, तीही पायानं अधू. संस्थान विलीन झालं त्या साली ही बाई ती शेळी आणि नऊ वर्षांची रतन घेऊन चालत भोरला आली. आमचे मामंजी, चिमाजीशेट, काष्ठौषधी आणि अत्तरांचे व्यापारी. त्यांनी तिला परसातली लाकडं ठेवायची खोपी राहायला दिली आणि दहा आणे रोजावर कामाला लावलं. गावात सगळे म्हणाले, शेटचं मन मोठं. तेव्हा मीही म्हणाले असेन.

काम असं, की परसात जांभळीच्या बुंध्याशी बसायचं, तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालायचं आणि तळहातानं घोटत राहायचं. ते पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा घोटायचं. असं शंभरदा. सोजराबाईचं मोजणं विसावारी. शेजारी चिंचोक्यांच्या दोन वाट्या असायच्या, एक धुणं झालं की एक चिंचोका इकडून तिकडे टाकायचा. पाच विसा भरल्या की तुपाचा रंग, वास, सगळं गेलेलं असायचं. पांढरंशुभ्र आणि बोटाला गार लागणारं. वैद्यकीतलं हे जुनं औषध आहे. भाजलेल्यावर लावतात, टाचांच्या भेगांना लावतात, गुण येतो. मामंजींनी सोजराबाईला तेवढंच सांगितलं होतं. भाजलेल्या माणसांसाठी आहे, पुण्याच्या दवाखान्यात जातं.

उन्हाळ्यात एकदा तिचा घाम बघून मीच म्हटलं, “सोजराबाई, चार विसांवर थांबलीस तर कुणाला कळतंय?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी तिच्या ताटात थुंकले होते.

“भाजलेल्या मानसाला कळतंय की, बाळाबाई.”

भाजलेली माणसं! बरण्या न्यायच्या त्या वकिलांच्या आणि मामलेदारांच्या बायका. तोंडाला लावायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, विलायती ते विलायती. आतला माल रुपयाचासुद्धा नव्हता. वरचे साडेपाच रुपये त्या मडमेचे. महाग आहे म्हणून चांगली असणार, आणि चांगली आहे म्हणून महाग असणार, एवढ्यावर मामंजींचा धंदा चालला होता. एकदा त्यांनी भाव कमी करून पाहिला तर खप निम्म्यावर आला. भाव त्यांनी लगेच पूर्ववत केला.

चोपन्नच्या माघात विंझरच्या वरच्या वाड्यावरून रतनला बघायला पाहुणे आले. मुलगा कुंडलिक, पुण्यात कचेरीत शिपाई. त्याला आई नव्हती. सगळा कारभार सारजाबाईचा, म्हणजे त्याच्या आत्याचा. रतन तेव्हा पंधरा वर्षांची, उंच, कामाला चपळ आणि हसायला लागली की थांबायची नाही अशी. रंगानं काळी. दिवसभर त्या शेळीमागं नदीकाठानं उन्हातान्हात हिंडायची, त्यानं आणखी रापलेली. कुंडलिक तिच्याकडे बघून खुशाल हसला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिनंही पुढं आठ दिवस मला पुण्याबद्दल विचारून भंडावून सोडलं. तिथं नळाला खरंच दिवसभर पाणी असतं का, हा एक प्रश्न तर दहादा.

पण सारजाबाईनं चहाची बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, “पोर नाकीडोळी नीट हाय. पर रंगाचं काय? आमचा कुंडलिक हाफिसात असतो. तितं चार लोकांत न्यायाची म्हंजी कसं व्हायाचं?”

सारजाबाईनं दुकानाकडे बोट केलं.

“शेटच्या दुकानात ती इलायती बरनी हाय न्हवं? ती लावा पोरीला. म्हैन्यानं येतो. उजळली तर त्याच दिशी सुपारी फोडू. न्हाईतर न्हाई.”

येताना तिनं दुकानात डोकावलं होतं आणि मामंजींनी तिला ती मडम दाखवली होती.

दुसऱ्याच दिवशी सोजराबाईनं कवडीला बाजारात नेऊन खाटकाला विकलं. डोंगरावरून सोबत आलेलं तेवढंच एक जनावर. पैसे पदरात बांधून ती पहिल्यांदा आमच्या दुकानाच्या पुढच्या पायरीवर चढली. एरवी तिचा रस्ता परसातून. मी आतल्या दाराआड उभी होते, हातात लेबलांचा गठ्ठा. मामंजींनी बरणी काढली, पदराच्या कोपऱ्यानं पुसतात तशी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्या हातात ठेवली. ज्या बाईनं त्यातलं तूप परवा घोटलं, तिच्याच हातात! वर चार आणे परत देऊन म्हणाले, “तू घरची म्हणून हं, सोजरा.”

मी बोलले नाही. सासऱ्यांपुढं बोलायची रीत नाही, असं तेव्हा मनाला सांगितलं. रीत कसली डोंबलाची! मला भीती वाटत होती, आणि अंगावर चांगलं लुगडं होतं ते त्याच बरण्यांतून आलं होतं.

दोन घटकांत सोजराबाई उघडी बरणी घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. रतनच्या गालाला लावायला म्हणून तिनं बोट बुडवलं होतं. बाकीच्यांना फसवेल केवडा, पण सहा वर्षं रोज ज्यात हात घातला ते बोटाला कळल्याशिवाय राहील होय? तिनं थोडं जिभेला लावूनही पाहिलं होतं.

“बाळाबाई, ह्यात काय हाय?”

“तुझंच आहे,” मी म्हणाले. “तूच धुतलेलं.”

“अन् भाजलेली मानसं?”

ती तडक दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोर बरणी फळीवर आपटली. मामंजींनी घाईघाईनं गिऱ्हाइकं वाटेला लावली आणि गल्ल्यातून पैसे काढून पुढं सरकवले.

“पैसं नगं. माजी शेळी द्या.”

“वेडी का तू? शेळी कुठून आणू?” मामंजी आवाज उतरवून म्हणाले. “हे बघ, गावभर बोंब मारलीस तर माझा थोडा तोटा होईल. पण त्या आत्याला काय सांगशील? तिचा या बरणीवर जीव आहे. पोरीचं लग्न तुझ्या तोंडात आहे, सोजरा. तोंड मिटलंस तर होईल.”

असं बोलायला काळीज लागत नाही, दुकान लागतं. सोजराबाईनं पैसे उचलले नाहीत. बरणी घेऊन ती परसात गेली. परातीत तीन विसा धुतलेलं तूप होतं, ते तिनं जांभळीच्या बुंध्यावर उपडं केलं आणि चिंचोके चुलीत घातले. त्या दिवसापासून तिनं आमच्या कामाला हात लावला नाही. लोकांकडे लाकडं फोडायला जायला लागली. तोंड उघडेल या धास्तीनं मामंजींनी तिला खोपीतून काढलं नाही.

महिना गेला. रतनच्या तोंडाला काही लावलं नव्हतं. मात्र शेळीच उरली नव्हती, त्यामुळं ती उन्हात जायची थांबली. खोपीच्या सावलीत बसून वाकळा शिवायची. ऊन गेलं तसं रापलेपण गेलं. एवढंच झालं.

ठरल्या दिवशी सारजाबाई आली. सोबत दोघं जण आणि ताटात सुपारी. सोजराबाईच्या बाजूनं बसायला माणूस नको का, म्हणून मी गेले होते. सारजाबाईनं रतनची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि मांडीवर थाप मारली.

“बगा! म्या म्हनलं न्हवतं? उजळली का न्हाई पोर? साडेसहा रुपयं गेलं, पर कशी कळा आली!”

रतनच्या डोळ्यांत पुणं दिसायला लागलं होतं. मी सोजराबाईकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नकोस. हे माझं दुसऱ्यांदा, हे मी लपवत नाही.

सोजराबाईनं एकदा पोरीकडे बघितलं. मग उठली, फळीवरची बरणी आणली आणि सारजाबाईच्या पुढ्यात ठेवली. काठोकाठ भरलेली, वर फक्त एका बोटाची खूण.

“काय बी लावलं न्हाई हिला. शेळी इकली म्हनून सावलीत बसली. लगीन झाल्यावर उनात गेली की परत हाय तशी व्हईल. मंग काय, परत धाडशीला? का दर म्हैन्याला येक शेळी इकू म्या?”

“अवो, पर बरनी...”

“बरनीत तूप हाय. म्या धुतलेलं.” तिनं दोन्ही हात पुढं केले. “हे बगा. सा वर्सं रोज कोपरापतुर ह्यातच हुते. हात लावून बगा, लेकराच्या गालावानी मऊ झाल्यात. मऊ व्हत्यात, खोटं न्हाई. पर गोरं झालं का? सांगा की! सा वर्सांत गोरं झालं का?”

सारजाबाईनं खरंच तिच्या तळहातावरून बोटं फिरवली. ते हात कोळशासारखे काळे होते आणि इतके मऊ, की तिची बोटं तिथंच थांबली. तेवढा एक क्षण मला वाटलं, हिला समजलं. मग तिनं हात झटकला.

“आमाला येडं समजता व्हय? इलायती माल, अन् तुमच्या खोपीत व्हतो? पोरीला लावायाची दानत न्हाई म्हना!” तिनं ताटातली सुपारी उचलून कनवटीला खोचली. “चला रं.”

रतन रडली नाही. ती उठली आणि आईचे पुढं केलेले हात तिनं खाली घेतले. तासाभरात मायलेकींनी वाकळा, भांडी, सगळं गाठोड्यात बांधलं. वर डोंगरावर एक लांबची मावशी होती, तिच्याकडे जायचं ठरलं.

मी दुकानात गेले तर सारजाबाई फळीपाशी उभी. मामंजी गोड हसत होते.

“नसरापूरला दुसरी पोर बगायाची हाय,” ती सांगत होती. “तिच्या आईला आदीच देते. नगं ती कटकट.”

साडेसहा रुपये तिनं स्वतःच्या कनवटीतून काढून मोजले. त्याच कनवटीतून सुपारीही डोकावत होती. मामंजींनी मला डोळ्यांनी खुणावलं, बांधून दे. आणि मी, जिनं तासाभरापूर्वी ते हात पाहिले होते, ती मी बरणी कागदात गुंडाळायला लागले. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. त्यानं माझं काय जाणार होतं? आजही मी रोज स्वतःला हे विचारते आणि रोज स्वतःचा राग येतो.

पुढच्या रस्त्यावर सोजराबाई उभी होती, डोक्यावर गाठोडं, मागं रतन. तिनं सगळं पाहिलं होतं. ती शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बाळाबाई,” ती म्हणाली, “तूप संपलं की रिकामी बरनी परत आनाया सांगा तिला. तुमाला भराया लागंल.”

मी सुतळीला गाठ मारली आणि बरणी सारजाबाईच्या हातात दिली.