खाल्ल्यावर थांबतं का?

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढं हात जोडले तरी एवढं वगळायची. देवापुढं काही वगळता येतं का? पण मी वगळलं.

गंगू माझी धाकटी जाऊ. शिनोलीला आमच्या घरात आली तेव्हा सतरा-अठराची असेल. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. कामाला चपळ, बोलायला अगदी मुकी. सासूबाई तिचं कौतुक करत आणि ते मला सोसत नसे. पोटात दुखणं याचा आपल्याकडे दुसरा अर्थ आहे ना — ते दुखणं माझं. तिचं मात्र खरंच दुखायचं.

एके सकाळी, पुरुषांची न्याहारी व्हायच्या आत, ती चुलीमागं उभी राहून शिळी नाचणीची भाकरी खाताना मला दिसली. पाण्यात बुडवून, घाईघाईनं. मी गप्प बसायला हवं होतं — बसले का? सासूबाईंना सांगितलं, दिराला सांगितलं, शेजारणींना तर तिखटमीठ लावून सांगितलं. तिचं नावच पडलं, हावरी. मग ती पोट धरून बसली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

ओढ्यावर धुणं धुताना एकदा तिनं मला सांगितलं होतं. पोटात आग पडते, घासभर खाल्लं की थांबते, आणि हल्ली परसाकडला डांबरासारखं काळं होतं. मी ऐकलं. लुगडं पिळत राहिले.

शेवटी दीर तिला घोडेगावच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाला, तेव्हा मीही गेले. धाकटीचं थोरलीनं बोलायचं, ही रीत. दीर बाहेर थांबला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि तिलाच विचारलं, "खाल्ल्यावर दुखणं थांबतं का?"

तिनं पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं.

हो म्हटलं असतं तर? ती चोरून खात नव्हती, दुखण्यापायी खात होती, हे घरभर झालं असतं. मी खोटी पडले असते. एवढंच. एवढ्यासाठी —

"न्हाई," मी म्हणाले. "खाल्लं की वाढतंच."

शौचाला काळं होतं का, हेही त्यांनी विचारलं. त्यालाही मी नाही म्हणाले. तसं असतं तर आत जखम असायची, मग पुण्याला पाठवून, पांढरं औषध पाजून पोटाचा फोटो काढायला लागला असता, असं ते म्हणाले. मग अजीर्णाच्या पुड्या दिल्या आणि दोन दिवस लंघन सांगितलं.

परतताना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. बोलली, पण काय?

"मलाबी वाटाया लागलंय जाऊबाई, मी हावरीच हाय."

मी पुड्यांची गाठ पदराला घट्ट बांधली आणि पुढं चालू लागले.

लंघन मी पाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं चतकोर भाकर मागितली — माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघत. मी टोपली उचलून शिंक्यावर ठेवली. डॉक्टरांचा शब्द पाळत होते ना मी! तिसऱ्या दिवशी तिला रक्ताची उलटी झाली. बैलगाडी घोडेगावात पोचेपर्यंत ती राहिली नाही. माझ्याच मांडीवर तिचं डोकं होतं. काय सांगू, हलकी होती हो, फार हलकी.

डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या. मग मला म्हणाले, "बाई, नीट आठवा. खाल्ल्यावर तिला बरं वाटायचं का?"

दीर शेजारीच उभा होता. मी पुन्हा नाही म्हणाले.

घरात कुणी मला बोल लावला नाही. उलट दीर पै-पाहुण्यांत सांगायचा, वैनीनं शेवटपर्यंत पथ्य सांभाळलं. मी ते ऐकून घ्यायची. पुढे त्याचं दुसरं लग्न झालं. नव्या बायकोला पहिल्यांदा डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली, तेव्हा ती संकोचून दारातच उभी राहिली. दीर तिला म्हणाला, "लाजू नगं. वैनी हायेत ना, त्या बोलतील समदं."

मी लुगडं बदललं आणि तिच्याबरोबर गेले.