शिंपल्यांची विहीर

खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचं वेड मला कुठून लागलं, देव जाणे. आमच्या पिपरी मेघेच्या फ्लॅटपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी मी पाण्यात समुद्री मीठ कालवून टाकी सजवली आणि नागपूरहून बोटाएवढा जॉफिश आणला. पिवळं डोकं, बटणांसारखे डोळे आणि अंगाच्या मानानं भलंमोठं तोंड. हा मासा प्रवाळाजवळच्या वाळूत तोंडानं बीळ खणून राहतो, एवढं वाचलं होतं. म्हणून मऊ, बारीक वाळू वीतभर अंथरली. लाडच ते.

तो खणायचा, तोंडभर वाळू बाहेर थुंकायचा आणि बीळ ढासळायचं. पाचव्या दिवशी फिकट पडून कोपऱ्यात बसला, खाणं सोडलं. बीळ झालं नाही तर तो घाबरूनच मरेल, असं दुकानदारानं फोनवर सांगितलं. माझा जीव टांगणीला लागला आणि राग घरातल्या भांड्यांवर निघाला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, केळझरकडचं शेत लहान दिरावर सोपवून नुकतेच आमच्याकडे आले होते. दिवसभर गॅलरीत बसून असायचे, करमत नव्हतं त्यांना. त्या दिवशी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"नुसत्या रेतीत विहीर टिकते का कुठं? गोटे दे त्याले, लहान-मोठे. बांधून घेईन तो."

तीन विहिरी खणवून घेतलेला माणूस सांगत होता. शेतातल्या गोट्यांनी पाणी बिघडलं असतं, म्हणून कोकणातून आणलेली शिंपल्यांची बरणी काढली. मामाजींनी बत्त्यानं वाटाण्याएवढे, बोराएवढे तुकडे केले. मी ते उकळून, गार करून टाकीत सोडले.

तासाभरानं मासा हलला. एक तुकडा तोंडात धरून पाहिला, टाकला, दुसरा घेतला. संध्याकाळपर्यंत बिळाची कड बांधून झाली. सगळ्यात सुंदर गुलाबी शिंपला मी मुद्दाम त्याच्या दाराशी ठेवला, तर त्यानं तो लांब नेऊन फेकला. मामाजी पोट धरून हसले. दिवेलागणीला त्यानं एक चपटा तुकडा ओढून बिळावर झाकण लावलं.

"वाचला बाप्पा," मामाजी हळूच म्हणाले. मला रडूच आलं.

सकाळी उठले, तर मामाजी चहा घेऊन आधीच टाकीसमोर. झाकण बाजूला आणि पिवळं डोकं बाहेर. कोळंबीचा तुकडा सोडताच त्यानं गपकन गिळला. मामाजींची खुर्ची अजून तिथंच आहे. रोज झाडताना मलाच उचलावी लागते.